मांसाहार सोडल्याने मर्दपणा उणावतो का?

प्रश्न : मी गेल्या वर्षी माळ घातली आणि मटण सोडले, तेव्हापासून जत्रेच्या जेवणात सख्खे चुलतेही ‘बायकांसारखा वरणभात काय खातोस’ असे म्हणतात, याचे फार वाईट वाटते. मांसाहाराशी पुरुषत्वाची सांगड कशी घातली गेली असावी?

प्रतिसाद १ : इंग्रज मांस खातात म्हणूनच बलवान आहेत आणि आपल्यावर राज्य करतात, असे राजकोटमध्ये शाळकरी गांधीजींनाही एका मित्राने पटवले होते, त्यांनी वर्षभरात काही वेळा चोरून मांस खाल्ले, पण आईवडिलांशी खोटे बोलावे लागते म्हणून ते सोडले.

प्रतिसाद २ : आमच्या घरी तीन पिढ्या माळकऱ्यांनीच नांगर धरला. १०० ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे ३६ ग्रॅम प्रथिने असतात. बी-१२ जीवनसत्त्वासाठी मात्र दूध-दही नियमित घ्यावे.