विषय: व्हेट स्कूलच्या अर्जाची तयारी, कोणाला अनुभव आहे का?

एडिसनहून, एक आई

नमस्कार मंडळी,

आमची धाकटी रटगर्सला अ‍ॅनिमल सायन्स करतेय, दुसरं वर्ष चालू आहे. तिला व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टरच व्हायचंय, शाळेत असल्यापासून सांगतेय आणि अजून बदललेलं नाही, त्यामुळे आता आम्हीही मनावर घेतलंय. जीपीए ३.८ च्या आसपास आहे, शनिवारी शेल्टरमध्ये कुत्री फिरवायला जाते. अडचण अशी की आपल्यात मेडिकलला गेलेली मुलं ढीगभर, एमकॅट कधी द्यायची, क्लास कुठला लावायचा, सगळं एका फोनवर कळतं, पण व्हेटच्या वाटेला गेलेलं एकही घर आमच्या ओळखीत नाही. जीआरई लागते का? शेल्टरचे तास पुरतात का? की मार्क अजून वर न्यायला हवेत? दोन-तीन जणांनी सरळ सांगितलं की माणसांची डॉक्टर होऊ दे, तेवढाच अभ्यास आहे. ते तिला विचारून झालंय, उत्तर नाही असं आहे. तेव्हा कृपया फक्त व्हेटबद्दल सांगा.

Re: लँकेस्टर, पेनसिल्व्हेनियाहून

काकू, नमस्कार. मी व्हेट आहे, इथे गाई आणि कुत्री-मांजरं दोन्ही बघते. हा प्रश्न आपल्या लिस्टवर आला याचा मला खरंच फार आनंद झालाय, कारण मला विचारायला कोणी नव्हतं. मोठा मेल होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मार्कांचं. ३.८ उत्तम आहे, ते ३.९ करण्यासाठी तिने शनिवार सोडू नये. जीआरई बहुतेक कॉलेजांनी काढून टाकलीय, काही ठिकाणी कॅस्पर नावाची ऑनलाइन परीक्षा लागते, ती प्रसंग देऊन तुम्ही कसं वागाल असं विचारते, त्याला क्लास वगैरे नको. अर्ज एकाच ठिकाणी भरायचा, व्हीएमकॅस म्हणतात त्याला, टेक्ससवाल्यांचं वेगळं आहे. व्हीएमकॅस सगळे मार्क स्वतः पुन्हा मोजतं, सायन्सचे वेगळे, शेवटच्या ४५ क्रेडिटचे वेगळे, आणि एखादा कोर्स परत दिला तर दोन्ही वेळचे मार्क धरले जातात. म्हणून ऑरगॅनिक आणि बायोकेमिस्ट्री ज्या सेमिस्टरला घेईल त्या सेमिस्टरला बाकीचं ओझं कमी ठेवायला सांगा. प्रत्येक कॉलेजचे सक्तीचे कोर्स थोडे वेगळे असतात, कुणाला मायक्रोबायॉलॉजी पाहिजे, कुणाला जेनेटिक्स, कुणाला अ‍ॅनिमल न्यूट्रिशन, ते आत्ताच दुसऱ्या वर्षात एका तक्त्यात मांडून ठेवलं तर चौथ्या वर्षी पळापळ होत नाही.

आता खरी गोष्ट. आपल्या घरांमध्ये सगळं लक्ष मार्कांवर असतं आणि व्हेटचा अर्ज तिथे ठरत नाही. अर्ज करणाऱ्या बहुतेक सगळ्यांचे मार्क चांगले असतात. देशभरात व्हेट कॉलेजं तीस-पस्तीस, त्यामुळे अ‍ॅडमिशन कमिटी हे बघते की या मुलीला हे काम रोज कसं असतं ते माहीत आहे का. शेण, रक्त, रविवारी रात्रीचा फोन, पैसे नाहीत म्हणून रडणारा मालक, हे बघूनही ती परत दुसऱ्या दिवशी गेली का. ते कळतं तासांवरून, आणि त्या तासांबद्दल ती काय बोलते त्यावरून.

व्हीएमकॅसमध्ये दोन रकाने वेगळे आहेत आणि इथे खूप जण अडकतात. व्हेटच्या हाताखाली केलेलं काम ते व्हेटरिनरी एक्सपिरियन्स. व्हेट नसताना जनावरांसोबत केलेलं ते अ‍ॅनिमल एक्सपिरियन्स. शेल्टरमध्ये कुत्री फिरवणं दुसऱ्यात जातं, पण त्याच शेल्टरच्या व्हेटसोबत नसबंदीच्या दिवशी उभी राहिली तर ते पहिल्यात. काही कॉलेजं किमान आकडा मागतात, कॅलिफोर्नियातलं यूसी डेव्हिस १८० तास म्हणतं, पण निवड झालेल्या मुलांचे तास त्याच्या कितीतरी वर असतात, तेव्हा किमानाकडे बघून थांबू नये.

आणि नुसते तास नकोत, विविधता पाहिजे. एकाच क्लिनिकमध्ये दोन वर्षं काढलेल्या मुलीला विचारतात की घोडा कधी पाहिलास का. तुम्ही जर्सीत आहात, तुमचा राज्यप्राणीच घोडा, मॉनमथ काउंटीत घोड्यांचे फार्म भरपूर आहेत, तिथे जाणाऱ्या एखाद्या इक्वाइन व्हेटच्या गाडीत बसून दिवस काढता येतात. रटगर्सच्या कुक कॅम्पसवर तर कॉलेजचाच फार्म आहे, गाई, मेंढ्या, डुकरं, घोडे सगळे आहेत, तिने तिथे काम मागितलंय का? नसेल तर याच आठवड्यात मागावं. वन्यप्राण्यांचं रिहॅब सेंटर, एखादी रिसर्च लॅब, तेही चालतं. सगळं करायचं नाही, पण एक ठिकाण खोल आणि दोन-तीन ठिकाणं ओळख होण्यापुरती असं असावं.

क्लिनिकमध्ये शिरायचं कसं, तर ईमेलला उत्तर येत नाही. दुपारी गर्दी नसताना स्वतः जायचं, रेझ्युमे द्यायचा, आणि पिंजरे धुवायचं काम मिळालं तरी हो म्हणायचं. पिंजरे नीट धुणाऱ्या मुलीलाच तिसऱ्या महिन्यात कोणीतरी म्हणतं की ये, हा एक्स-रे बघ. पगारी काम मिळालं तर ते शॅडोइंगपेक्षा, म्हणजे नुसतं सोबत राहून बघण्यापेक्षा चांगलं, जबाबदारी दिसते.

वही. हे कळकळीने सांगतेय. तारीख, तास, व्हेटचं नाव आणि संपर्क, कुठले प्राणी, काय पाहिलं, आणि दोन ओळी काय वाटलं. रोज नाही जमलं तर आठवड्याला. दोन वर्षांनी अर्ज भरताना हे आठवणीतून निघत नाही. निबंध पण याच वहीतून निघतो. निबंधाला ३००० अक्षरं मिळतात, मोकळ्या जागा धरून, म्हणजे एक पान फार तर. त्यात "लहानपणापासून प्राणी आवडतात" ही ओळ घातली तर ती प्रत्येकाच्या निबंधात असते. त्यापेक्षा ज्या केसमध्ये तिला प्रश्न पडला ती एक केस लिहावी. मांजराची लघवी अडकलीय, इलाज आहे, पण मालकाकडे पैसे नाहीत, मग व्हेटने काय काय पर्याय ठेवले आणि का. असं लिहिलं की समोरच्याला कळतं, ही मुलगी खोलीत होती.

शिफारसपत्रं किमान तीन, त्यात एक तरी व्हेटचं लागतंच बहुतेक ठिकाणी. मोठ्या नावाच्या मागे लागू नका. जिने तिला सहा-आठ महिने काम करताना पाहिलंय, दमलेली पाहिलंय, तिचं पत्र पाहिजे. ओळखीतल्या काकांच्या ओळखीतला डीन नको.

वेळापत्रक म्हणाल तर अर्ज वर्षाच्या सुरुवातीला उघडतो आणि सप्टेंबरच्या मध्याला बंद होतो. ट्रान्सक्रिप्ट तपासायला वेळ लागतो, म्हणून ऑगस्टच्या आत पाठवून मोकळं व्हावं. मुलाखती हिवाळ्यात, आणि १५ एप्रिलपर्यंत मुलांनी कॉलेज पक्कं करायचं. मुलाखतीत अभ्यासाचे प्रश्न कमी, विचारांचे जास्त. मांजरांची नखं काढण्यावर न्यूयॉर्कने २०१९ मध्ये बंदी घातली, तुझं मत काय? २०२४ च्या मार्चमध्ये दुभत्या गाईंमध्ये बर्ड फ्लू सापडला, त्याचा गोठ्यातल्या कामगारांशी काय संबंध? अशा बातम्या तिने आत्तापासून वाचाव्यात, आणि घरी जेवताना तुमच्याशी त्यावर वाद घालावा, मराठीत घातला तरी चालेल.

Re: प्रिन्स्टनजवळून, एक बाबा

वरचं सगळं पटलं, ताईंनी फार मोलाचं लिहिलंय. आमचा मुलगा सध्या व्हेटच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणून पैशाचं तेवढं सांगतो, कारण ते अर्ज करण्याआधी बोलायला पाहिजे, नंतर नाही.

जर्सीत आत्तापर्यंत व्हेट कॉलेजच नव्हतं, त्यामुळे आपली मुलं सगळीकडे आउट ऑफ स्टेट. आता जर्सीतल्याच रोवन युनिव्हर्सिटीचं सुरू झालंय, पहिली बॅच २०२५ ची. नवीन कॉलेजला पूर्ण मान्यता पहिली बॅच बाहेर पडेपर्यंत मिळत नाही, तोपर्यंत तात्पुरती असते, पण तात्पुरत्या मान्यतेवरही लायसन्सची परीक्षा देता येते, त्यामुळे घाबरून ते यादीतून काढू नका. कॉर्नेलला न्यूयॉर्कवाल्यांना फी कमी, पेनला पेनसिल्व्हेनियावाल्यांना सवलत, व्हर्जिनिया-मेरीलँडला त्या दोन राज्यांसाठी जागा राखीव. काही राज्यांत पहिल्या वर्षानंतर रेसिडेन्सी, म्हणजे त्या राज्याचे रहिवासी असल्याचा दर्जा मिळवून फी कमी करता येते, ओहायो स्टेटचं असं आहे, नियम नीट वाचून घ्या.

आणि कर्जाचं बदललंय. १ जुलै २०२६ पासून नवीन मुलांना ग्रॅड प्लस, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणासाठीचं फेडरल सरकारचं जादा कर्ज बंद. फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण दोन लाखांपर्यंतच. आउट ऑफ स्टेट फी, राहणं, खाणं धरलं तर चार वर्षांचा खर्च बऱ्याच ठिकाणी त्याच्या वर जातो, वरचं खाजगी कर्ज किंवा घरातून. आम्ही एका रविवारी मुलाला समोर बसवून सगळ्या कॉलेजांचा चार वर्षांचा आकडा मांडला, त्यातून दोन कॉलेजं त्याने स्वतःच काढली. आणि ज्यांची मुलं एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहेत त्यांनी हे आधी तपासा, कारण फेडरल कर्ज मिळत नाही आणि काही सरकारी कॉलेजं ग्रीन कार्ड नसेल तर अर्जच घेत नाहीत.

Re: रिटायर्ड काका, पिस्कॅटवे

मी परळचा. बॉम्बे व्हेटरिनरी कॉलेज, १८८६ सालचं, शेजारी बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, तिथे आम्ही जे शिकलो ते कुठेच शिकलो नाही. हल्ली मला दर वर्षी कोणीतरी विचारतं की इथे अ‍ॅडमिशन अवघड तर मुलीला पुण्यामुंबईकडे पाठवू का, एनआरआय कोट्यातून. शिक्षण चांगलंच आहे, तिथे हाताखालून जेवढ्या केसेस जातात तेवढ्या इथे जात नाहीत. पण परत इथे प्रॅक्टिस करायची असेल तर भारतातल्या कॉलेजांना एव्हीएमएची, म्हणजे इथल्या व्हेट संघटनेची मान्यता नाही. मग ईसीएफव्हीजी नाहीतर पेव्ह, हे परदेशी पदवीवाल्यांसाठीचे दोन मार्ग, त्यातली प्रॅक्टिकल परीक्षा महाग आणि कडक, आणि त्यावर नॅव्हली, म्हणजे लायसन्सची परीक्षा आहेच. मी ते केलं, पुढे सरकारी मीट इन्स्पेक्शनमध्ये नोकरी केली, समाधानाने केली. पण जिचं पुढचं आयुष्य इथेच आहे तिने इथूनच अर्ज करावा, नाही झालं तर पुढच्या वर्षी परत करावा. दुसऱ्यांदा करून आत गेलेली मुलं खूप आहेत, त्यात कमीपणा काही नाही.

Re: एडिसनहून, आई

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं तिला वाचून दाखवलं, फार्मवर विचारायला ती उद्याच जाणार आहे. एक शंका, आमचं गाव वाईजवळ आहे, सासऱ्यांकडे अजून दोन म्हशी आणि गाई आहेत. पुढच्या उन्हाळ्यात महिनाभर जाणार आहोत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तिला सोबत न्यायला तयार आहेत. हे तास धरतात का, की नुसतीच सहल?

Re: लँकेस्टरहून

काकू, धरतात, नक्की धरतात! पशुधन विकास अधिकारी म्हणजे पदवीधर व्हेट, त्यांच्या हाताखालचं काम व्हेटरिनरी एक्सपिरियन्समध्येच जातं. त्यांचं नाव, हुद्दा, फोन, ईमेल लिहून घ्या आणि परत यायच्या आधी तासांवर त्यांची सही घ्या. १९६२ नंबरवर येणारी फिरती दवाखाना-गाडी असेल तर तिच्यासोबतही जायचं बघा. लाळ्या खुरकूतचं लसीकरण, कासदाह, व्यायल्यावर वार अडकलेली म्हैस, कृत्रिम रेतन, हे सगळं एका महिन्यात दिसेल. आणि एका गाईवर अख्खं घर चालतं तिथे व्हेट काय निर्णय घेतो हे बघून आलेल्या मुलीकडे मुलाखतीत सांगायला स्वतःचं असं खूप असतं. मात्र हात लावण्यापेक्षा बघणं आणि विचारणं जास्त. इंजेक्शन द्यायला, ऑपरेशनमध्ये मदत करायला कोणी प्रेमाने सांगितलं तरी नको म्हणावं, शिक्षणाआधी केलेली अशी कामं अर्जात लिहिली तर कमिटीला ती आवडत नाहीत.

तब्येतीचं सांगते, हे टाळू नका. निघायच्या आधी इथे रेबीजची प्रतिबंधक लस, सात दिवसांच्या अंतराने दोन डोस. तरीही कुत्रं चावलं तर जखम साबणाने धुऊन लगेच डॉक्टरकडे, पुढचे डोस लागतातच. गाभडलेल्या जनावराला आणि वारेला हातमोज्याशिवाय हात नाही, त्यातून ब्रुसेला नावाच्या जंतूचा आजार माणसाला होतो. आणि गावच्या गोठ्यातलं कच्चं दूध नको, आजींना वाईट वाटलं तरी.

परत येताना लाळ्या खुरकूतचा विचार करायचा. तो अमेरिकेत १९२९ नंतर आलेला नाही आणि आपल्याकडे आहे. गोठ्यातले बूट गावीच ठेवून या, कपडे गरम पाण्यात धुवा. कस्टम्सवर जनावरांजवळ होतात का विचारतात तिथे हो सांगायचं, बूट तपासतील, फार तर धुऊन देतील. इथल्या फार्मवर कमीत कमी पाच दिवस पाऊल टाकायचं नाही, आणि रटगर्सच्या फार्म मॅनेजरला भारतात गोठ्यात होते हे तिने आधीच सांगायचं, त्यांचा नियम जास्त दिवसांचा असू शकतो. हे सगळं ती स्वतःहून करते हे बघून तो मॅनेजर तिच्याबद्दल काय लिहील ते तुम्हीच विचार करा.

तिला माझ्याकडे दोन दिवस यायचं असेल तर लँकेस्टर तुमच्यापासून दोन-अडीच तासांवर, मार्चमध्ये वासरं भरपूर असतात. मला मेल तिने स्वतः लिहावा, तुम्हाला कॉपीत न ठेवता, आणि त्यात लिहावं की तिला काय बघायचंय.