मदत हवी आहे: ‘काइंड ऑफ ब्लू’च्या एलपीची पहिली बाजू सुरात चढी

आम्ही काही मित्र जुने अल्बम सलग ऐकून आपापली मतं लिहितो. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) झाला, पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) झाला. आता जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ (१९५९) घेतलाय, आणि इथे गाडी अडली.

एकाकडे जुनी एलपी आहे, बाकीचे मोबाइलवर ऐकतात. पहिल्या बाजूचं ‘सो व्हॉट’ मोबाइलवर पेटीच्या पांढरी दोनशी नीट जुळतं. एलपीवर मात्र पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्येच कुठेतरी लटकतं. दुसऱ्या बाजूचं ‘ऑल ब्लूज’ दोन्हीकडे पांढरी पाचलाच. म्हणजे दोष टर्नटेबलचा नसावा. स्ट्रोब डिस्कनेही वेग तपासला, ठीक आहे.

वाचलं ते असं: २ मार्च १९५९च्या रेकॉर्डिंग सत्रात टेप मशीन किंचित हळू चाललं, म्हणून पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्डवर जलद वाजतात. १९९२च्या सुमारास सेफ्टी टेपवरून (त्याच वेळी दुसऱ्या मशीनवर केलेली राखीव टेप) दुरुस्ती झाली. (मला ती चढी बाजूच जास्त धारदार वाटते, पण ते असो.)

टर्नटेबलला पिच कंट्रोल (वेग थोडा कमी-जास्त करायची सोय) नाही. महागडी ऑडिओफाइल आवृत्ती परवडणार नाही, आणि सीडी सुचवू नका, मालकाला एलपीच हवी आहे. सेकंडहँड घेताना दुकानात वाजवून बघता येईलच असं नाही. तर कव्हर, लेबल किंवा लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेले आकडे बघून दुरुस्त केलेली प्रत कशी ओळखायची?