‘स्मार्ट’ आणि ‘चुणचुणीत’

‘स्मार्ट’ या इंग्रजी विशेषणासाठी सहसा ‘हुशार’, ‘चलाख’ किंवा ‘टापटीप’ हे शब्द सुचवले जातात आणि आपापल्या जागी ते चालतातही. मला मात्र ‘चुणचुणीत’ हा त्याच्या सर्वांत जवळचा वाटतो, तो केवळ अर्थामुळे नव्हे, तर व्युत्पत्तीमुळेही.

जुन्या इंग्रजीत ‘स्मार्ट’ हा शब्द ‘झोंबणारा, वेदना देणारा’ या अर्थाचा होता. वेदनेसाठी जर्मनमध्ये असलेला ‘श्मेर्त्स’ हा शब्द त्याचाच भाऊबंद आहे, आणि डच भाषेत तर ‘स्मार्ट’ म्हणजे आजही दुःख. इंग्रजीतही ‘टू स्मार्ट’ या क्रियापदाने हा अर्थ सोडलेला नाही. १६११ च्या बायबलात परक्याला जामीन राहणाऱ्याला त्याचे चटके सोसावे लागतील, हे सांगताना तेच क्रियापद योजले आहे. विशेषण मात्र झोंबणाऱ्या फटक्यापासून जोरकसपणाकडे, तेथून चपळाईकडे, सतराव्या शतकात बुद्धीच्या तल्लखपणाकडे आणि पुढे नेटक्या पोशाखाकडे सरकत गेले.

आता कोल्हापुरातला उन्हाळा आठवावा. वर्षाची चटणी कुटून घ्यायला डंकावर (मिरची कुटण्याच्या यंत्रावर) नंबर लावून बसले की मिरचीच्या खाटाने पाचच मिनिटांत डोळे चुणचुणू लागतात, आणि तिथेच, कुणाचा डबा कुठला हे न विचारता बिनचूक हातात देणाऱ्या मुलाकडे पाहून शेजारची बाई म्हणते, “पोरगं लई चुणचुणीत हाय.” झोंबणे आणि तल्लख असणे यांची जी सांगड इंग्रजीने घातली, तीच मराठीनेही स्वतंत्रपणे घातली आहे. (‘तिखट’ बुद्धी आणि ‘तिखट’ जीभ आपल्याकडे आहेतच.)

अर्थात सगळीकडे हा शब्द बसणार नाही. स्थळ पाहताना “मुलगी स्मार्ट आहे” असे म्हणतात, तेव्हा बुद्धीपेक्षा राहणी आणि वावर अभिप्रेत असतो. ‘ओव्हरस्मार्ट’ला आपला ‘आगाऊ’ किंवा ‘दीडशहाणा’ पुरेसा आहे. फोन किंवा विजेचे मीटर ‘स्मार्ट’च राहू द्यावे. शिवाय ‘चुणचुणीत’ला वयाची मर्यादा आहे: मुलांना आणि तरुणांना तो शोभतो, पण साठी ओलांडलेल्या गृहस्थांना ‘चुणचुणीत’ म्हटले तर ती थट्टा वाटेल, त्यांच्यासाठी ‘तरतरीत’ म्हणावे.