दुसऱ्या एम.ए.साठी पूर्ण शुल्क भरावे लागते का?

प्रश्न : वाचनवेडी, नागपूर

मी 2016 मध्ये समाजशास्त्रात एम.ए. केले. अनुसूचित जातीसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळाल्यामुळे त्या वेळी शुल्काचा भार वडिलांवर पडला नाही. आता पालीत एम.ए. करायचे आहे, कारण दीक्षाभूमीवर लहानपणापासून कानांवर पडलेल्या गाथा मला मूळ भाषेतून अर्थासह वाचायच्या आहेत. परंतु महाविद्यालयाच्या खिडकीवर ‘दुसरे एम.ए. आहे, पूर्ण फी लागेल’ एवढेच सांगण्यात आले. दुसऱ्या पदवीसाठी शुल्काचा दरच वाढीव असतो, असेही इंटरनेटवर वाचले. माझी फक्त सवलत जाते आहे, की माझ्याकडून इतरांपेक्षा जास्त शुल्क घेतले जाणार आहे?

धरमपेठकर :

ताई, आपण वाचलेली माहिती बहुधा इंग्लंडची असावी. तेथे हाती असलेल्या पदवीच्या समान किंवा खालच्या स्तरावर पुन्हा शिकणाऱ्यांसाठी विद्यापीठांना मिळणारे सरकारी अनुदान 2008-09 पासून बंद झाले आणि अनेक विद्यापीठांनी अशा विद्यार्थ्यांचे शुल्क वाढवले. आपल्याकडचा प्रश्न शिष्यवृत्तीच्या पात्रतेचा आहे. एक टप्पा पूर्ण करून त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेणारा विद्यार्थी, म्हणजे बी.ए.नंतर बी.कॉम. किंवा एका विषयातील एम.ए.नंतर दुसऱ्या विषयातील एम.ए. करणारा, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र ठरत नाही, असे योजनेच्या नियमांतच उदाहरणांसह लिहिलेले आहे.

जुना लेखनिक :

मी एका महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात बरीच वर्षे काम केले आहे. ‘पूर्ण फी’ हा शब्द ऐकून परत फिरू नका. शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय, विकास निधी आणि परत मिळणारी अनामत यांचा शीर्षनिहाय तपशील लेखी मागा, आणि तो प्रथमच एम.ए. करणाऱ्या, सवलत नसलेल्या विद्यार्थ्याच्या पावतीशी ताडून पाहा. दोन्ही आकडे सारखेच असायला हवेत. अभ्यासक्रम अनुदानित आहे की विनाअनुदानित, हेही विचारा, कारण रकमेतील खरा फरक बहुतेक वेळा तिथेच असतो. तफावत आढळल्यास प्राचार्यांना अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि तरीही दाद मिळाली नाही तर उच्च शिक्षण सहसंचालकांच्या नागपूर कार्यालयात जा. हप्त्यांची विनंतीही त्याच अर्जात करावी. मात्र महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याच्या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर) आधीचे एम.ए. लपवून अर्ज भरण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया तो ऐकू नका. पडताळणीत ते उघड झाले की रक्कम परत करावी लागते, आणि हा मनस्ताप मी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांत पाहिला आहे.

वैनगंगा :

नियम कळला, तरी तो मला पटत नाही. निधी मर्यादित असल्यामुळे प्रथम शिकणाऱ्याला आधी मदत मिळावी, हे योग्यच आहे. पण ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. ज्या शहरात 1956 साली धम्मदीक्षा झाली, तेथेच वय वाढल्यावर पालीकडे वळणाऱ्याला निदान शिक्षण शुल्कापुरती सवलत विद्यापीठाने स्वतःच्या निधीतून द्यावी, असे मला मनापासून वाटते.

वाचनवेडी :

सर्वांचे आभार. सोमवारी तपशिलाचा अर्ज देते. वैनगंगाताई, विद्यापीठाकडे सवलतीचे निवेदन द्यायचे ठरले तर त्यावर माझी सही धरा.