जुन्या लष्करी रायफलची किंमत: आधी नळी की आधी नंबर?

सरळनळी (धागाकर्ता)
जुन्या लष्करी रायफलचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला: "नंबर जुळतात का?" रिसीव्हर (बोल्ट आणि नळी बसते तो धातूचा सांगाडा), बोल्ट (मागून काडतूस आत ढकलून बंद करणारा दांडा), नोजकॅप (पुढच्या टोकाचं धातूचं टोपण), सगळीकडे एकच अनुक्रमांक निघाला की भाव चढला, मग आत नळीचा चोथा झालेला का असेना. मला हे उफराटं वाटतं.

ब्रिटिश लष्कराची ली-एनफिल्डच घ्या. तिच्या .३०३ च्या जुन्या काडतुसांत कॉर्डाइट ही दारू असायची. तिची आच भयंकर, त्यामुळे चेंबरच्या (काडतूस बसतं त्या जागेच्या) लगेच पुढचे आटे, म्हणजे नळीतले गोळी फिरवणारे पीळ, आधी झिजतात. काडतुसाच्या तळाच्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटमुळे नळीत मीठ उरतं, ते ओल धरतं आणि गंज सुरू होतो. म्हणून तर गरम पाणी ओतून नळी धुवायची शिस्त होती. नंबर बघून यातलं काय कळणार?

माझा क्रम असा: बोल्ट उघडा, मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. नळी पुसल्याशिवाय मत देऊ नका. जुनं ग्रीस आणि तांब्याचा थर दोन्ही फसवतात. मग दोन्ही टोकांकडून प्रकाश टाकून बघा. काळपट नळी बाद नव्हे, आट्यांच्या कडा धारदार असतील तर ती नीट मारते. कडाच गोल झाल्या असतील तर चकाकी बिनकामाची. शेवटी दारू आणि टोपी नसलेलं डमी काडतूस उलटं धरून गोळीचं टोक नळीच्या तोंडात घाला. केसची, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याची, कड तोंडाला टेकेपर्यंत गोळी आत गेली, तर तोंड झिजलंय.

शिक्काप्रेमी
साफ असहमत. नळी बदलता येते, अस्सलपणा बदलता येत नाही. बोल्टवरचा नंबर नुसता शोभेचाही नाही. एनफिल्डचे लग, म्हणजे बोल्टला जागी अडकवून धरणारे उंचवटे, बोल्टच्या मागच्या भागात असतात आणि दोन्ही लग रिसीव्हरवर सारखे टेकावेत म्हणून बोल्ट त्याच रिसीव्हरला बसवलेला असतो. दुसरा बोल्ट घातला की बरेचदा एकच लग भार घेतो.

आणि "नळी चांगली म्हणजे रायफल चांगली" हे धोक्याचंही आहे. डीपी, म्हणजे फक्त कवायतीसाठी, असा शिक्का असलेल्या रायफलीची नळी आरशासारखी असू शकते. ती झाडायची नसते.

सरळनळी
डीपीचं मान्य, तो शिक्का सगळ्याच्या आधी शोधायचा. पण नंबर जुळला म्हणजे हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून काडतुसाची कड टेकते तिथपर्यंतचं अंतर) बरोबर, हे कुठून आलं? बोल्ट हेड (बोल्टचं पुढचं टोक) स्क्रूसारखं फिरवून बसतं, सुटं होतं, एसएमएलईच्या (पहिल्या महायुद्धातल्या आखूड ली-एनफिल्डच्या) बोल्ट हेडवर नंबरच नसतो. नंतरच्या ली-एनफिल्डला, म्हणजे 'नंबर ४' रायफलला, ०, १, २, ३ अशा चढत्या लांबीची हेड मिळायची. तेव्हा गेज (ठरावीक जाडीचा मोजठोकळा) लावा: ०.०६४ इंचावर बोल्ट बंद व्हायला हवा, ०.०७४ वर होता कामा नये, तोही बोटाच्या हलक्या दाबाने. जोर लावलात तर गेज खोटं बोलेल. मोकळं हेडस्पेस असेल तर केस तळाच्या जरा वर ताणली जाते आणि तिथेच तुटते. ३ नंबरचं हेड लावूनही गेज नापास होत असेल, तर नंबर जुळले काय आणि न जुळले काय.

लोहकण
दोघेही एक गोष्ट विसरताय: जुळणारे नंबर बनवताही येतात. जुना आकडा आडवी रेघ मारून खोडलाय आणि शेजारी नवा ठोकलाय, तर ते शस्त्रागाराचं प्रामाणिक काम. आकड्याखाली पृष्ठभाग किंचित खोलगट लागला, तिरप्या उजेडात घासल्याच्या रेषा दिसल्या किंवा अंकांचं वळण इतर शिक्क्यांशी जुळेना, तर हात आखडता घ्या. रशियनांच्या हाती लागलेल्या जर्मन के-९८ रायफलींवर तर दुरुस्तीच्या वेळी बोल्टवर रिसीव्हरचा नंबर विजेच्या लेखणीने कोरलेला सापडतो. तो आकडा 'जुळतो', पण कारखान्यातला नव्हे.

दुसरी चलाखी: एसएमएलईच्या मार्क ३ स्टार या प्रकारातून पहिल्या महायुद्धाच्या घाईत मॅगझिन कट-ऑफ (मॅगझिनमधली काडतुसं अडवणारी पट्टी) आणि व्हॉली साइट (लांबवरच्या सामूहिक गोळीबारासाठीची नेमपट्टी) वगळल्या होत्या. आज सुटे भाग लावून तीच रायफल महागडी मार्क ३ म्हणून पुढे येते, आणि बट सॉकेटवरचा (मागचा लाकडी दस्ता, म्हणजे बट, बसतो त्या धातूच्या खोबणीवरचा) 'स्टार'चा तारा मात्र जागच्या जागी!

डमीच्या चाचणीवरही फार विसंबू नका. मोसिन-नागां या रशियन रायफलींच्या दुरुस्तीत तोंडाकडचा झिजलेला भाग आतून मोठा करून टाकत. तिथे गोळी पूर्ण आत जाते आणि आटे पुढे खोलवर शाबूत असतात. उलट एनफिल्डला पुल-थ्रूच्या (नळीतून चिंधी ओढायच्या) दोरीने तोंड अंडाकृती झालं असेल, तर गोळी अडकूनही नेम भरकटतो. आणखी एक, युद्धकाळातल्या काही नंबर ४ नळ्यांना आट्यांच्या दोनच खाचा आहेत, त्या 'घासून गेलेल्या' समजू नका.

शिक्काप्रेमी
आता लाकडाचं कोण बोलणार? लाकूड घासून चकचकीत केलं की कारखान्याचे शिक्के गेले, किंमत तिथेच बुडाली. ओळखायला सोपं: बटप्लेटच्या (बटच्या मागच्या धातूच्या पट्टीच्या) कडेला लाकूड धातूपेक्षा खाली गेलेलं असतं. वाफेने पोचे उचलणं वेगळं, त्याला माझी हरकत नाही. एफटीआर (कारखान्यात पूर्ण दुरुस्ती) झालेल्या एनफिल्डवरचा काळा रंगही लोक 'नकली' म्हणून खरवडतात. तो कारखान्यानेच फॉस्फेटच्या गंजरोधक थरावर दिलेला असतो, खरवडलात तर तुम्हीच मूळ काम पुसता.

सरळनळी
यावर दुमत नाही. भारतीय रायफलींत रिसीव्हरखाली आडवा स्क्रू दिसतो, तोही तडा सांधल्याचा नव्हे, मजबुतीचा. खरे तडे फोरएंडच्या (नळीखालच्या पुढच्या लाकडाच्या) मागच्या टोकाला, रिसीव्हर टेकतो त्या खांद्यांपाशी शोधा. तिथलं लाकूड दबलं असेल तर प्रत्येक धक्क्याला चीर वाढते. फोरएंड काढलाच आहे तर नळीची खालची बाजूही बघून घ्या, वरून निळीशार नळी लाकडाखाली खड्ड्यांनी भरलेली निघते.

पडीक वाचक
तपासायला एसएमएलईचा बट आधी काढला तर चालेल का?

लोहकण
अजिबात नाही! बटच्या बोल्टचं चौकोनी टोक फोरएंडमधल्या पट्टीत अडकलेलं असतं. फोरएंड जागेवर असताना तो फिरवलात की लाकूड मागून फाटतं. आधी फोरएंड, मग बट. विक्रेता "जुनाच तडा आहे" म्हणाला की चिरेच्या आतलं लाकूड बघा. ताजं असेल तर ते फिकट दिसतं, जुन्यात तेल आणि मळ मुरलेला असतो.