क्रीपर वर्ल्ड खेळलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

सध्या क्रीपर वर्ल्ड ३ पुन्हा खेळतोय आणि पुन्हा तितकाच अडकलोय. २००९ पासून ही कॉम्प्युटरवरच्या स्ट्रॅटेजी गेमची सिरीज चालू आहे, नकल क्रॅकर नावाच्या छोट्या स्टुडिओची. यात शत्रूचं सैन्यच नाही, निळा द्रव आहे, क्रीपर. एमिटरमधून (म्हणजे त्याच्या उगमातून) ओतत राहतो, उतार मिळेल तिकडे जातो, खोलगट भाग भरतो आणि मग हळूच काठावरून तुमच्याकडे. त्याला डोकं नाही, डावपेच नाहीत, म्हणूनच जास्त भीती वाटते, कारण त्याला फसवताच येत नाही. तुम्ही कुठला भाग खेळलात, काय आवडलं, काय नाही, सगळं सविस्तर लिहा.

—

मला सुरुवातीची पाच मिनिटं सगळ्यात आवडतात. क्रीपर अजून लांब असतो, आपण कलेक्टर (एनर्जी गोळा करणारे) टाकत सुटतो आणि एनर्जी जरा जमतेय म्हणेपर्यंत समोरच्या दरीत निळं दिसायला लागतं. तेव्हा तोफा आधी लावायच्या की अजून कलेक्टर? तोफ नुसती बांधून भागत नाही ना, कमांड नोडपासून, म्हणजे आपल्या मुख्य तळापासून, लाईनवरून एकेक पॅकेट सरकत येतं, आधी बांधकामाचं, नंतर दारूगोळ्याचं. एनर्जी संपली की सगळंच रेंगाळतं आणि क्रीपर काही थांबत नाही. मी सारखी पॉज करून विचार करते, पॉजमध्ये ऑर्डर देता येतात हे फार बरं आहे.

—

मॉर्टरबद्दल कोणीच कसं बोललं नाही! कॅनन म्हणजे साधी तोफ जवळचा क्रीपर मारते, मॉर्टर म्हणजे उखळी तोफ रेंजमधला सगळ्यात खोल. हे कळलं की खेळच बदलतो. पुढे उंचवट्यावर कॅननची रांग, मागे मॉर्टर, खड्ड्यातली पातळी उतरायला लागली की कॅनन एकेक घर पुढे. टर्प नावाच्या यंत्राने जमीन उचलून बांध घालता येतो तेही भारी, पण बांधामागे क्रीपर साठत जातो आणि एकदा का तो वरून सांडला की आवरत नाही.

—

मी जरा वेगळं मत मांडतो. अर्धा नकाशा हातात आला की निकाल लागलेला असतो, पण शेवटच्या एमिटरपर्यंत न्युलिफायर (एमिटर नष्ट करणारं यंत्र) नेऊन तो एमिटर उडवेपर्यंत नुसती साफसफाई. मोठ्या नकाशांवर मला खरंच कंटाळा येतो, स्पीड ४ पट करूनसुद्धा. शत्रू स्वतः काहीच नवीन करत नाही याचा हा तोटा आहे आणि तो मान्य करायला हवा.

—

साफसफाईचं पटतं, पण मला तोच भाग हवा असतो! दिवसभराची दगदग झाल्यावर तो निळा थर पातळ होत होत खालची जमीन उघडी पडताना बघणं, यासारखा आराम नाही. आणि नवीन काही करत नाही असंही नाही हं, स्पोअर (क्रीपर घेऊन उडत येणारे गोळे) वरून येऊन पडतात, रनर नावाचे हल्लेखोर आपल्या बचावाच्या रांगेत घुसतात, डिजिटॅलिस नावाच्या जमिनीवर पसरणाऱ्या जाळ्यावरून तर क्रीपर कुठल्या कुठे पोचतो.

—

दुसऱ्या भागाला लोक विसरतात (२०११ चा). तो बाजूने दिसतो, जमीन खोदत जायचं, आणि बंद पोकळीत क्रीपर दाबाखाली भरून बसलेला. शेवटची भिंत फोडायच्या आधी मी तोफा दोनदा तपासते. २०२० चा चौथा थ्रीडी आहे, दिसायला सुंदर, पण मला तिसऱ्यातला सपाट नकाशा वाचायला सोपा वाटतो, क्रीपर कुठे किती खोल आहे ते पटकन कळतं.

—

मी खेळण्यापेक्षा नकाशे जास्त बनवतो. तिसऱ्या भागात सीआरपीएल नावाची स्क्रिप्टिंगची भाषा दिलीय, त्यात आकडे आधी आणि क्रिया नंतर लिहायची, सुरुवातीला उलटं वाटतं पण हात बसतो. स्वतःचे शत्रू, स्वतःची हत्यारं बनवता येतात. लोकांनी कॉलनियल स्पेसमध्ये (खेळाडूंनी बनवलेल्या नकाशांचा गेममधला विभाग) टाकलेल्या नकाशांमध्ये काही काही तर मूळ कथेपेक्षा सरस आहेत. ज्यांना शेवटी कंटाळा येतो त्यांनी तिथले छोटे नकाशे शोधा, जिथे जागाच इतकी कमी असते की शेवटपर्यंत मान वर करता येत नाही.

—

छोट्या नकाशांचं आजच बघतो. नवीन माणसाने तिसऱ्यापासून सुरुवात करावी की चौथ्यापासून? माझ्या भाचीला द्यायचाय, तिने स्ट्रॅटेजी गेम अजून एकही खेळलेला नाही.

—

तिसऱ्यापासून. आणि पहिल्या दोन-तीन मिशनमध्ये तिला काहीही सांगू नका, क्रीपर कसा वाहतो ते तिचं तिला बघू द्या.