‘1971 चा ओरिजिनल टॅरो’: डबी बघायची, कडेचा आकडा बघायचा, की चित्र?

औरंगपुरा_कोपरा (छत्रपती संभाजीनगर)
आपल्याकडे टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायच्या 78 पत्त्यांचे, जुने संच घेणारे-विकणारे आता बऱ्यापैकी झालेत. मध्यंतरी एकाने मला रायडर-वेट नावाचा टॅरो संच ‘एकाहत्तरचा ओरिजिनल’ म्हणून पाच आकडी किमतीला दाखवला. पुरावा काय, तर पत्त्याच्या कडेला बारीक अक्षरांत 1971 छापलंय. डबी उलटी केली तर मागे बारकोड! मी संच परत दिला.

1971 हे अमेरिकेतल्या यू. एस. गेम्स सिस्टिम्स या पत्ते काढणाऱ्या कंपनीने लावलेलं कॉपीराइटचं वर्ष आहे, छपाईचं नाही. नंतर छापलेल्या संचांवरही तोच आकडा येत राहिला. आणि दुकानात बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला तो जून 1974 मध्ये, तोही अमेरिकेत. मग एकाहत्तरच्या डबीवर बारकोड आला कुठून? डबीवर तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकांना देतात तो क्रमांक) छापलेला असेल तर संच बहुतेक 2007 च्या पुढचाच, कारण तोवर दहा आकडी चालायचा. वेबसाइटचा पत्ता असेल तर विषयच संपला.

रायडर-वेटची मूळ चित्रं 1909 ची. आर्थर वेट यांची कल्पना, पामेला कोलमन स्मिथ यांचा हात, लंडनच्या विल्यम रायडर अँड सनचं प्रकाशन. पहिल्या छपाईच्या पाठीवर गुलाब आणि लिली होत्या, पुढच्यांवर तडे गेल्यासारखी नक्षी आली. त्या जुन्या छपायांना संग्राहक (पामेलावरून) पॅम-ए, बी, सी, डी म्हणतात. ओळखायची कशी? डबीवरून नव्हे, सूर्याच्या पत्त्यावरून. पॅम-ए मध्ये एकोणिसाच्या रोमन आकड्याशेजारी एक जादा नागमोडी रेघ आहे. बी आणि सी मध्ये ती सापडत नाही.

माझं मत साफ आहे: ज्याला सूर्याचा पत्ता दाखवून बोलता येत नाही त्याने ‘ओरिजिनल’ हा शब्द वापरू नये.

गोदाकाठ (नांदेड)
मी पत्ते वाचते, त्यावर चार पैसे कमावते, आणि मला या सगळ्याचं खरंच नवल वाटतं. समोर बसलेल्या बाईला नवऱ्याच्या नोकरीची चिंता आहे. तिला मी सांगू का, की थांबा ताई, ही रेघ नागमोडी आहे का बघते? 78 पत्ते पूर्ण असावेत, हातात पिसता यावेत, बस. माझा संच ऑनलाइन मागवलेला आहे. पुस्तिकेऐवजी क्यूआर कोड आला. काही अडलं नाही.

औरंगपुरा_कोपरा
ताई, तुमच्या वाचनाबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. तुम्ही तुमचा संच जुना म्हणून विकायला काढलात तर आपलं भांडण.

खिळे_ते_ऑफसेट (लातूर)
छापखान्यात हयात गेली म्हणून लिहितो. धागाकर्त्याने रेघेवर फार भिस्त ठेवली आहे. रेघ हा पुरावा आहे, पण अर्धाच. रेघेची नक्कल होते. जुन्या पत्त्याचा फोटो काढून कोणी नवी प्लेट केली तर नागमोडी रेघ जशीच्या तशी येणार. जुन्या चित्रांवरून हुबेहूब काढलेले नवे संच बाजारात आहेतच, त्यात फसवणूक काही नाही. फसवतो तो डबी फेकून देऊन विकणारा.

म्हणून लूप घ्या. आमच्याकडे प्लेट तपासायला असतं ते छोटं भिंग. सूर्याच्या चेहऱ्यावरच्या पिवळ्यावर ठेवा. चार रंगांच्या ऑफसेटमध्ये ठिपके ठरावीक कोनात बसतात, त्यांची फुलासारखी बारीक नक्षी दिसते. जुन्या लिथोमध्ये, म्हणजे दगडावरच्या छपाईत, ही जाळी नसते. रंग सपाट बसलेला असतो किंवा ठिपके असले तरी हाताने टाकल्यासारखे वेडेवाकडे. रविवर्म्यांच्या प्रेसची जुनी ओलिओग्राफ चित्रं ज्यांनी भिंगाखाली पाहिलीत त्यांना हा फरक लगेच कळेल. मग काळ्या रेषेवर या. रेषेची कड सलग असेल तर ती रेषा म्हणूनच प्लेटवर गेली. कड ठिपक्यांनी कुरतडलेली असेल तर कुणीतरी अख्ख्या पत्त्याचाच फोटो छापलाय.

जुन्या छपायांत रेषा वेगळ्या का, हेही समजून घ्या. तेव्हा चित्र दगडावर उतरवायला कारागीर लागायचा. चित्र पुन्हा उतरवलं की चेहऱ्याची एखादी रेघ इकडची तिकडे व्हायचीच.

सिडको_एन७ (छत्रपती संभाजीनगर)
ज्याच्यावर हा धागा काढलाय तो मी नाही, पण मीही संच विकतो म्हणून बोलतो. डबीवरून वर्ष काढणं हीच मोठी चूक. डब्या फाटतात, माणसं दुसऱ्या डबीत पत्ते घालतात. जुने पत्ते नव्या डबीत आणि नवे पत्ते जुन्या निळ्या डबीत, दोन्ही मी पाहिलंय. बारकोड बघून संच परत दिलात, पण पत्ते पाहिलेत का? कदाचित पत्तेच जुने होते.

आणि भिंग घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी कोण जाणार? आमच्या धंद्यात 78 पूर्ण आहेत का, कोपरे शाबूत आहेत का, पुस्तिका सोबत आहे का, यावर भाव ठरतो. छपाई सत्तरची की ऐंशीची हे विचारणारा गिऱ्हाईक मराठवाड्यात मला अजून भेटायचाय.

औरंगपुरा_कोपरा
डबीचा मुद्दा बिनतोड आहे, मान्य. पण तो तुमच्याच अंगावर येतो. डबीवर भरवसा नाही, कडेच्या 1971 वर नाही, मग ‘एकाहत्तरचा’ हे तुम्ही ठरवता कशावरून? विचारणारा भेटला नाही म्हणून सांगायचं नाही, हा कुठला न्याय?

धुपारे_गल्ली (पैठण)
आमच्याकडे हाच वाद पैठणीवर रोज होतो. मशीनवरची पैठणी हातमागाची म्हणून दाखवतात, गिऱ्हाईक पदरावरचा मोर बघून भुलतो. जाणकार बाई आधी पदर उलटा करते आणि मागची बाजू बघते. पत्त्यांचंही तसंच असणार, पाठ आधी बघा. गुलाब-लिली की तडे की निळी चौकट, तिथेच निम्मा निकाल लागतो.

खिळे_ते_ऑफसेट (लातूर)
पाठ बघाच, पण थांबू नका तिथे. पाठीची नक्षी छापणं हे चित्र छापण्यापेक्षा सोपं काम.

जिंतूर_रोड (परभणी)
सगळे जुन्यावर बोलतायत, मला स्वस्त संचांवर बोलायचंय. अडीचशे-तीनशे रुपयांचा संच दिसला की लोक ‘डुप्लिकेट’, ‘पायरेटेड’ म्हणून मोकळे होतात. पामेला स्मिथ 1951 मध्ये गेल्या. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे 2011 अखेर संपला. 1909 ची मूळ चित्रं कोणीही छापावीत, ती चोरी नाही.

पण मेरी हॅन्सन-रॉबर्ट्स यांनी नव्याने रंगवलेला 1990 चा ‘युनिव्हर्सल वेट’ स्कॅन करून कोणी साधा रायडर-वेट म्हणून विकत असेल तर ती उघड चोरी. म्हणजे आवृत्ती ओळखता येणं हे फक्त हौशी संग्राहकांचं काम नाही, नांदेडच्या ताई. तुमच्या हातातला संच रास्त आहे की चोरीचा, हेही त्यावरूनच कळतं. आणि चोरी आजची नाही. शिकागोच्या डी लॉरेन्सने 1918 मध्ये वेट यांचं पुस्तकच परवानगीशिवाय छापून टाकलं होतं.

गोदाकाठ (नांदेड)
हा मुद्दा मात्र पटला. रंग मऊ, पेन्सिलने भरल्यासारखे, तो युनिव्हर्सल ना? मग माझा तोच दिसतोय, आणि डबीवर रायडर लिहिलंय.

एक मात्र माझंही ऐका. वाचणाऱ्याला फरक पडतो तो आवृत्तीचा नाही, संचाचा. वेट यांनी ‘बळ’ हा पत्ता आठव्या जागी आणि ‘न्याय’ अकराव्या जागी नेला, जुन्या मार्सेल पद्धतीच्या (फ्रान्सकडच्या) टॅरोत बरोबर उलटं. क्रमांकावरून वाचणारीचा तिथे खरा घोळ होतो. तुमच्या नागमोडी रेघेने नाही.

तर्कट (अंबाजोगाई)
पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे पत्ते खेळायला काढले. भविष्य त्यात घुसवलं अठराव्या शतकात फ्रान्सच्या लोकांनी. पॅम-ए असो की अडीचशेवाला, नोकरीचं काय होणार हे दोन्हींना सारखंच ठाऊक नाही. तरी धागा आवडला, कारण इथे निदान पुरावा मागतायत.

मोंढा_नाका (जालना)
लई बारीक बघायलेत राव तुम्ही. मपल्या मेव्हण्यानं असाच एक घेतलाय, एकाहत्तरचा म्हणून. आता त्याला सांगू का नको तेच कळंना.

औरंगपुरा_कोपरा
सांगण्याआधी सूर्याच्या पत्त्याचा, एका पाठीचा आणि डबीच्या मागच्या बाजूचा, असे तीन फोटो टाका. जवळून, फ्लॅश न मारता.

खिळे_ते_ऑफसेट (लातूर)
फोटोवर ठिपके कळणार नाहीत, मोबाइल ते पुसून टाकतो. लूप दीड-दोनशेला मिळतो, मेव्हण्याला म्हणावं तेवढा खर्च कर.

सिडको_एन७ (छत्रपती संभाजीनगर)
ठीक. यापुढे माझ्या जाहिरातीत ‘कॉपीराइट 1971, छपाई नंतरची असू शकते’ असं लिहीन. भाव मात्र उतरवणार नाही, कोपरे एकदम कोरे आहेत.